सीतेच्या माहेरी, स्लीपरने

"आली बरं का," काकू भिंतीपलीकडून म्हणाल्या.

कोण आली हे विचारायची गरज नव्हती. गेले बारा दिवस आमच्या गल्लीत 'ती' म्हणजे पलीकडच्या वहिनींची पिंकी आणि 'तिकडे' म्हणजे फॉरेन. मी मेथीची जुडी आणि ताट घेऊन भिंतीशी गेले. आमच्या दोन घरांमधली ही भिंत छातीएवढी आहे. काकूंच्या बाजूला बांधकामातून उरलेल्या विटांची रास आहे. तिच्यावर चढल्या की त्यांचा चेहरा बरोबर जास्वंदीच्या वर येतो. त्या विटा हलवायचं काका दर दिवाळीला ठरवतात, आणि काकू हलवू देत नाहीत.

मार्गशीर्षातली सकाळ होती. जेलरोडला या दिवसांत दहा वाजेपर्यंत ऊन अंगावर घ्यावंसं वाटतं.

"कधी आली?"

"पहाटे. रिक्षा थांबली तेव्हा मी जागीच होते." काकू कायम जाग्याच असतात. "पाठीवर हे एवढं गाठोडं. फॉरेनहून आलेलं माणूस कसं चकचकीत दिसतं, हातात ती चाकांची बॅग असते. ही पंढरीची वारी करून आल्यासारखी दिसत होती."

काकूंचं सांगायचं तर त्या गेली पाच वर्षं बासष्ट वर्षांच्या आहेत. एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, २०२३ साली, तेव्हा गल्लीत सगळ्यात जास्त आनंद त्यांना झाला. कंडक्टरला वयाचा दाखला दाखवायची भानगडच संपली.

या प्रकरणाला तोंड फुटलं ते श्रावणात, पोलिसांमुळे. एक दिवस दुपारी वहिनींच्या दारात पोलिसाची मोटारसायकल उभी राहिली. अर्ध्या तासात गल्लीत तीन कहाण्या तयार झाल्या. त्यातली सगळ्यात सौम्य म्हणजे पिंकीची स्कूटी कुणालातरी लागली. संध्याकाळी वहिनी स्वतःच सांगायला आल्या की पासपोर्टचं व्हेरिफिकेशन होतं, दुसरं काही नाही. ऐकून गल्ली थोडी हिरमुसली. पण लगेच पुढचा प्रश्न आला. पासपोर्ट कशाला? बापाची पानटपरीवजा स्टेशनरी, आई शिवणकाम करते, मुलगी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. शिकवण्या घेऊन स्वतःची फी भरणारी. ही परदेशी जाणार कशाच्या जिवावर?

"मी तेव्हाच म्हटलं होतं," काकू म्हणाल्या, "एक तर लग्न ठरलंय, नाहीतर कुणीतरी फसवतंय."

दुसरी शंका अगदीच पोकळ नव्हती. काकूंच्या माहेरच्या गावातल्या एका मुलाला मागे फोन आला होता. थायलंडमध्ये कॉम्प्युटरवरची नोकरी, तिकीट आमचं, राहणं आमचं, पगार डॉलरमध्ये. बरं झालं त्याच्या मामाने अडवलं. अशी पोरं बँकॉकला उतरवून पुढे म्यानमारच्या सरहद्दीवर नेतात आणि कोंडून ठेवून फोनवरून लोकांना लुबाडायचं काम करायला लावतात. आपल्या सरकारला तिथून कितीतरी जणांना सोडवून आणावं लागलंय. तेव्हा फुकट तिकीट देणारा कुणी भेटला की आधी आपली वाट धरावी, हे काकूंचं मत मला पूर्ण मान्य आहे. एरवी आमचं फारसं जमत नाही.

पासपोर्टाच्या बाबतीत आमच्या काकांचा एक वेगळाच मान आहे. काका प्रेसमधून रिटायर झाले. नाशिकरोडला 'प्रेस' म्हटलं की वर्तमानपत्र नव्हे आणि इस्त्रीही नव्हे. इंडिया सिक्युरिटी प्रेस, १९२५ पासूनची. तिकिटं, स्टॅम्पपेपर आणि अख्ख्या देशाचे पासपोर्ट तिथेच छापतात. शेजारीच करन्सी नोट प्रेस, १९२८ ची, तिथे नोटा. म्हणजे भारतातला कुणीही माणूस लंडनला उतरो की न्यूयॉर्कला, तिथल्या अधिकाऱ्याच्या हातात तो जे निळं पुस्तक देतो ते आमच्या जेलरोडच्या हाकेच्या अंतरावर तयार झालेलं असतं. आणि काकांकडे स्वतःचा पासपोर्ट नाही.

"उभी हयात दुसऱ्यांना परदेशी धाडण्यात गेली," असं ते म्हणतात. त्यात तक्रार नसते. कुंभार मडकी करतो, सगळ्या मडक्यांतलं पाणी थोडंच पितो, असा सूर असतो.

पिंकीचा पासपोर्ट आला तेव्हा तिने तो पहिल्यांदा काकांनाच दाखवायला आणला. काका चष्मा लावून बसले. नाव, फोटो काही पाहिलं नाही. पानं उलटी-सुलटी केली, कडेवरून बोट फिरवलं, शिवण पाहिली, एक पान उजेडाकडे धरलं. मग म्हणाले, "शिवण चांगली बसलीय." आणि हसून पुढे, "बघ, कोरं पुस्तक इथून निघालं, मुंबईला तुझं नाव छापून घेतलं आणि स्पीड पोस्टाने परत जेलरोडला आलं. तुझ्याआधी तेच फिरून आलंय." दीड हजार रुपये फी, दहा वर्षं चालणार. म्हणजे वर्षाला दीडशे. हा हिशोबही काकांनीच करून दिला. प्रेसच्या माणसाला मोजल्याशिवाय चैन पडत नाही.

"पण मला एक सांग," काकूंनी मेथीची एक काडी माझ्या ताटातून उचलून आपल्याकडे घेतली. मदत म्हणून नाही, हाताला चाळा म्हणून. "ही गेली कुठे? वहिनी नीट सांगतच नाहीत. विचारलं की नेपाळ म्हणतात. नेपाळ फॉरेन झालं का? तिथला तर आपल्या सोसायटीला वॉचमन आहे."

"झालंच की काकू. दुसरा देश आहे."

"विमानाने गेली?"

"नाही. पवन एक्स्प्रेसने. स्लीपरने."

काकू विटांवर जरा डगमगल्या. "स्लीपरने फॉरेनला?"

खरं तर मलाही हे कळलं तेव्हा असंच झालं होतं. आपल्या नाशिकरोडच्या प्लॅटफॉर्मवरून रोज एक गाडी जाते, कुर्ल्याहून जयनगरला. आपण ती 'बिहारची गाडी' म्हणून सोडून देतो. ती जबलपूर, वाराणसी, मुझफ्फरपूर, दरभंगा, मधुबनी करत जयनगरला संपते. आणि जयनगर संपलं की भारत संपतो. तिथेच भारतीय स्टेशनाला लागून नेपाळच्या रेल्वेचं स्टेशन आहे. एका गाडीतून उतरायचं, चालत जायचं, दुसऱ्या देशाच्या गाडीत बसायचं. ती गाडी नेते जनकपूरला.

"कुठल्या जनकपूरला?"

"त्याच. सीतेच्या."

काकूंच्या हातातली मेथीची काडी तशीच राहिली.

आता यात एक गंमत आहे, ती पिंकीने मला निघायच्या आधी सांगितली होती. जयनगर-जनकपूर ही जुनी छोटी गाडी होती, १९३७ सालची, नॅरोगेज. २०१४ ला बंद पडली. मग आपल्या सरकारने रुंद रूळ टाकून दिले आणि २०२२ च्या एप्रिलात गाडी पुन्हा सुरू झाली. ती जी डब्यांची गाडी धावते ना, ती नेपाळला पुरवली आपल्या कोकण रेल्वेने. म्हणजे बिहारमध्ये बसायचं, नेपाळात उतरायचं आणि गाडी पाठवलेली कोकणवाल्यांनी. काकांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मग वेळेवर पोचली असेल." काकांची सासुरवाडी कोकणातली आहे, त्यांना तसं म्हणावंच लागतं.

गेल्या तर तिघी. पिंकी आणि तिच्या वर्गातल्या दोघी. "तीन मुली एकट्या!" हे वाक्य त्या आठवड्यात मी निदान पाच जणांकडून ऐकलं. तिघी आहेत तर एकट्या कशा, हे कुणालाच सुचेना. तीन मुलगे निघाले असते तर 'गँग निघाली' म्हटलं असतं.

मुळात त्यांचं ठरलं होतं दिवाळीच्या सुट्टीत जायचं. तिकीट काढायला गेल्या तर वेटिंग दोनशेच्या पुढे. दिवाळी संपली की छठ, आणि मुंबई-नाशिकचा सगळा बिहारी कामगार त्या आठवड्यात याच गाडीने घरी जातो. दारात पाय ठेवायला जागा नसते. हे कळायला त्यांना एक रद्द तिकीट आणि त्याची कापलेली रक्कम मोजावी लागली. मग साठ दिवस आधी बुकिंग उघडतं त्या दिवशी सकाळी आठला तिघींनी तीन मोबाइल घेऊन मार्गशीर्षातलं तिकीट काढलं. एकेकीला हजाराच्या आत. कॉलेज बुडालं, पण त्यावर मी बोलणार नाही. कॉलेज बुडवून ज्यांनी फक्त सिनेमे पाहिले त्या पिढीतली मी.

"आणि तो दिवस आठवतो का," काकू एकदम सावरून बसल्या, म्हणजे सावरून उभ्या राहिल्या, "वहिनी रडत आल्या होत्या तो?"

न आठवायला काय झालं. पिंकी जयनगरला पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी तिचा फोन लागेना. रात्र झाली तरी नाही. वहिनी याच भिंतीशी येऊन उभ्या राहिल्या, पदर तोंडाला. गल्लीतल्या प्रत्येकाने आपापला धीर दिला. म्हणजे नेपाळात झालेले भूकंप, दरडी आणि विमान अपघात एकेक करून सांगितले. शेवटी काकांनी सगळ्यांना हाकललं. सकाळी फोन आला. झालं होतं एवढंच की सरहद्द ओलांडली की आपलं सिमकार्ड मुकं होतं, रोमिंग घेतलेलं नसेल तर. तिकडचं सिम घ्यायला पासपोर्ट लागतो, फोटो लागतो आणि दुकान उघडं लागतं. त्या दिवशी शनिवार होता. नेपाळात आठवड्याची सुट्टी शनिवारी, रविवारी नाही. ही साधी गोष्ट तिघींपैकी एकीलाही माहीत नव्हती.

एवढ्यात गेटचा आवाज आला. पिंकीच होती, केस ओले, हातात वाटी. वाटीत बत्तासे आणि लाल कुंकवाची पुडी. "काकू, जनकपूरचा प्रसाद."

काकूंनी दोन्ही हात पुढे केले. विटांवरून पडल्या नाहीत हे नशीब.

"किती खर्च झाला गं?" हा काकूंचा पहिला प्रश्न. प्रवास कसा झाला, तब्येत बरी ना, वगैरे नंतर. आणि खरं सांगू, मलाही तेच विचारायचं होतं.

पिंकीने खांद्यावरच्या पिशवीतून एक वही काढली. शंभर पानी, कव्हरवर बाबांच्या दुकानाचा शिक्का. प्रत्येक पानावर तीन रकाने आखलेले. एकावर 'एनसी', दुसऱ्यावर 'आयसी', तिसऱ्यावर 'मूर्खपणा'.

"हे काय?"

"एनसी म्हणजे नेपाळी करन्सी, आयसी म्हणजे इंडियन. तिकडे दुकानदार असंच विचारतात, आयसी की एनसी? आपल्या शंभराचे त्यांचे एकशेसाठ. ठरलेला दर आहे, रोज बदलत नाही."

"१९९३ पासून," काका आतून म्हणाले. ते वर्तमानपत्र वाचत होते, असा आमचा समज होता.

"मग त्यांची किंमत आपल्यात कशी करायची?" मी विचारलं.

"पाचने गुणायचं, आठने भागायचं. काकांनी शिकवलं. हॉस्टेलचा बेड होता सातशेवीस नेपाळी, म्हणजे साडेचारशे. एका खोलीत आठ बेड, दुमजली, रेल्वेसारखे. आमच्या वर एक जपानी आजोबा झोपायचे. घोरायचे नाहीत, बरं होतं."

काकूंनी 'एका खोलीत' आणि 'आजोबा' एवढंच ऐकलं. पण त्या गप्प बसल्या, कारण डोळे वहीवर होते. तिसऱ्या रकान्यात पहिल्याच दिवशी लिहिलं होतं: ११२.५०.

"हा मूर्खपणा कसला?"

"जनकपूरला उतरलो. रिक्षावाल्याने तीनशे सांगितले. मी आपले तीनशे दिले. तो काही बोलला नाही, निघून गेला. संध्याकाळी कळलं, त्याने एनसी सांगितले होते. म्हणजे आपले एकशेसाडेसत्याऐंशी."

काकांनी आतून हिशोब जुळवला असावा, कारण ते हसले.

पैसे नेले कसे, तर बँकेतून शंभराच्या नोटांची एक कोरी गड्डी घेतली. एक गड्डी म्हणजे दहा हजार, आणि तिचं बजेटही तेवढंच. नेपाळात बरीच वर्षं आपली शंभराच्या वरची नोट चालत नसे. हे नियम अधूनमधून बदलतात, पण शंभराची नोट कुणी नाकारत नाही. आणि आता मोबाइलवरून यूपीआयही चालतं, २०२४ पासून. तिकडच्या ज्या कंपनीमार्फत चालतं तिचं नाव फोनपे. आपला फोनपे वेगळा, त्यांचा फोनपे वेगळा, दोघांचा एकमेकांशी संबंध नाही. काठमांडूच्या एका मोमोवाल्यासमोर हे समजून घेण्यात पिंकीची दहा मिनिटं गेली आणि मोमो गार झाले. ते मात्र तिने मूर्खपणात धरलं नव्हतं.

"नोटांचं म्हणशील तर," काका आता बाहेरच आले, हातात चष्मा, "नेपाळने पहिल्यांदा कागदी नोटा काढल्या १९४५ साली. त्याआधी त्यांचा सगळा व्यवहार नाण्यांत. आणि त्या पहिल्या नोटा छापल्या कुठे?"

आम्ही तिघींनी एकदम म्हटलं, "प्रेसमध्ये."

"नाशिकरोडला," काका म्हणाले, आणि तेवढ्यावर समाधानाने पायरीवर बसले.

जनकपूरचं पिंकीने सांगितलं ते सगळं काही मी इथे लिहीत नाही, पण थोडं लिहिते. त्या पोचल्या त्याच दिवसांत विवाहपंचमी होती. मार्गशीर्ष शुद्ध पंचमीला राम-सीतेचं लग्न लागतं तिथे. हे त्यांना माहीत नव्हतं, तिकीट मिळालं म्हणून गेल्या होत्या. गावात तुडुंब गर्दी, हॉटेलं भरलेली. जानकी मंदिर पांढरं, एखाद्या राजवाड्यासारखं. टीकमगढच्या राणी वृषभानूंनी १९१० साली बांधून घेतलं. नऊ लाख लागले म्हणून लोक नौलखा म्हणतात. तिघींना शेवटी एका धर्मशाळेत जागा मिळाली, व्हरांड्यात, चटईवर. शेजारी मधुबनीकडच्या बायकांचा एक जथा.

रात्री त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्या आजींनी विचारलं, कुठून आलात पोरींनो? पिंकी म्हणाली, नाशिक. आजींना कळेना. मग ती म्हणाली, पंचवटी.

"आजी एकदम उठून बसल्या, काकू. म्हणाल्या, तिथूनच नेली ना तिला? मी म्हटलं, हो, गुंफा आहे तिथे. त्यांनी माझा हात धरला आणि बराच वेळ सोडलाच नाही. मग म्हणाल्या, आमच्याकडे या दिवशी लेकीचं लग्न लावत नाहीत. देवाचं लावतात, आपल्या पोरीचं नाही. तिचं पुढे काय झालं ते ठाऊक आहे ना आम्हाला. आणि मग त्यांनी त्यांच्या डब्यातला ठेकुआ दिला आम्हाला. तिघींना दोन-दोन."

भिंतीच्या दोन्ही बाजूंना कुणी काही बोललं नाही. मला आमचं सीतागुंफेचं दर्शन आठवलं. वाकून, जवळजवळ बसून खाली उतरायचं, मागून पाहुण्यांची ढकलाढकली, बाहेर आल्यावर चिवड्याची खरेदी. पन्नास वेळा गेले असेन. तिचं माहेर कुठे असेल, तिथून कुणी तिची वाट पाहत असेल, हे डोक्यातसुद्धा आलं नव्हतं.

"म्हणजे आपण तिच्या वाईट दिवसांतल्या गावचे," काकू हळूच म्हणाल्या. मग जरा घुश्शात, "मला सांगितलं असतंस जाताना, तर ओटी दिली असती. खण, नारळ, तांदूळ. माहेरी रिकाम्या हाताने जातं का कुणी?"

"मला तरी कुठे माहीत होतं काकू लग्न आहे ते."

पुढचा प्रवास पिंकीने भराभर सांगितला. जनकपूरहून बर्दिबास, तिथून बीपी हायवेने काठमांडू. जपानने बांधून दिलेला घाटरस्ता, अरुंद, वळणावळणाचा, २०२४ च्या पुराने ठिकठिकाणी वाहून गेलेला. कसारा घाटाची सवय असलेल्या मुलीलासुद्धा दोनदा उलटी झाली. पशुपतिनाथ, भक्तपूर. सार्क देशांतल्यांना तिकडे जुन्या चौकांचं तिकीट गोऱ्यांपेक्षा कितीतरी कमी असतं, फक्त ओळखपत्र दाखवायचं. दालभात एकदा घेतला की भात, डाळ, भाजी पुन्हा पुन्हा वाढतात. दुपारी बारा-एकला एक दालभात नीट खाल्ला की रात्री घरून नेलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी पुरे. येताना लुंबिनी करून सुनौलीला सरहद्द पायी ओलांडली, बसने गोरखपूर आणि तिथून कुशीनगर एक्स्प्रेस, थेट नाशिकरोड. सगळे मिळून आठ हजार नऊशे चाळीस. त्यात मूर्खपणा चारशेदहा.

"तुझ्या वर्गातली ती दुसरी पोरं गोव्याला गेली होती ना?" मी विचारलं.

"तीन दिवसांत बारा-बारा हजार," पिंकी म्हणाली. पुढे काही म्हणाली नाही. ही मुलगी हुशार आहे.

आता पुढे कुठे, हे विचारायचा मोह आवरला नाही. तिच्या डोक्यात सगळं तयार होतं. भूतानला आपल्याला व्हिसा नाही, त्यांचं चलन आपल्या रुपयाइतकंच, पण रोजचे बाराशे रुपये सरकारला भरायचे, राहण्या-खाण्याचे वेगळे. "म्हणजे झोपून राहिलं तरी बाराशे?" काकांना हे अजिबात पटलं नाही. व्हिएतनामचा व्हिसा घरबसल्या इंटरनेटवर, पंचवीस डॉलर. थायलंडने आपल्याला व्हिसाच माफ केलाय, पण परतीचं तिकीट, राहण्याचं बुकिंग आणि खिशातले पैसे दाखवायला लावू शकतात. तिथे जायच्या आधी एक फॉर्म भरायचा असतो, तो फुकट आहे. आणि तरी त्याचे पैसे घेणाऱ्या नकली वेबसाइटी आहेत. विमान मुंबईहून मंगळवार-बुधवारचं, तेही परीक्षांच्या दिवसांत स्वस्त. आणि मुंबईला कसं, तर काळीपिवळीने कसारा आणि तिथून लोकल. इथपर्यंत ऐकल्यावर काका म्हणाले, "म्हणजे थायलंडचा प्रवासही कसाऱ्याच्या लोकलमध्ये उभ्यानेच सुरू होणार."

मग काकांना भगूर आठवलं. भगूर आमच्यापासून किती लांब, स्कूटीवर वीस-पंचवीस मिनिटं. "तिथला एक पोरगा १९०६ साली लंडनला गेला, बोटीने. शामजी कृष्णवर्मांची शिष्यवृत्ती मिळाली होती, टिळकांनी शिफारस केली, आणि वरचा खर्च सासऱ्यांनी उचलला. सावरकर." हे काका दर वेळी सांगतात, पण आज त्यांनी शेवटी एक नवं वाक्य जोडलं. "आमच्या वेळी शिष्यवृत्ती नाही, सासरेही तसे नाहीत." काकूंनी त्यांच्याकडे ज्या नजरेने पाहिलं ते लिहिण्यासारखं नाही.

"तू गप्पा मारत बस," काकू मला म्हणाल्या, "मला एक विचारू दे." आवाज खाली आला. "पिंके, नेपाळला जायला कागद काय लागतो गं?"

"पासपोर्ट. नाहीतर मतदार कार्ड. आमच्यातल्या दोघींकडे दोन्ही नव्हतं म्हणून तर पासपोर्ट काढले."

काकूंचा चेहरा पडला. त्यांच्या मतदार कार्डावर काकांच्या जागी सासऱ्यांचं नाव आहे आणि फोटो तर त्यांच्या जाऊबाईंचा वाटतो. वीस वर्षांत दुरुस्त झालेलं नाही. दर निवडणुकीला त्या त्यावरून केंद्रावर भांडतात आणि मत देऊन येतात.

"आधारकार्ड नाही चालत?"

"नाही काकू. जनकपूरच्या गाडीला आमच्यासमोर एका मुलाला परत पाठवलं, नुसतं आधार होतं म्हणून. ते फक्त पंधरा वर्षांच्या आतल्यांना चालतं. आणि…" पिंकी थांबली. एकदा काकूंकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "आणि पासष्टच्या पुढच्यांना."

जास्वंदीवर एक मुंगळा चढत होता. मी त्याच्याकडे बघत राहिले. पायरीवर काकांनी चष्मा पुसायला घेतला.

"तुम्ही तर बासष्टच्या ना काकू," पिंकी म्हणाली. साधेपणाने म्हणाली की नाही, सांगता येत नाही.

काकू काही बोलल्या नाहीत. विटांवरून एक-एक पाय सांभाळत खाली उतरल्या. घरात कपाट उघडल्याचा, मग डबा उघडल्याचा आवाज आला. आम्ही मेथी निवडत राहिलो. दोन-तीन मिनिटांनी त्या परत विटांवर चढल्या आणि भिंतीवर आपलं आधारकार्ड ठेवलं, प्लास्टिकच्या पाकिटातलं. जन्मतारखेवर त्यांचा अंगठा घट्ट दाबलेला होता.

"हे चालेल का बघ गं."

पिंकीने वाकून पाहिलं. "अंगठा काढा ना काकू. दिसत नाहीये."